न झालेल्या तापाचा हिशेब

हाताला लावतात ती सलाइन आपल्या सगळ्यांच्या ओळखीची असते. सेंट्रल लाइन ही तिची थोरली बहीण. मानेतल्या, कॉलर बोनखालच्या किंवा जांघेतल्या मोठ्या शिरेत एक लांब नळी घालतात. मानेतून किंवा छातीतून घातली, तर तिचं टोक हृदयाच्या अगदी जवळ पोचतं. हाताच्या बारीक शिरेला न झेपणारी जहाल औषधं या नळीतून देता येतात. आयसीयूत पडलेल्या माणसाचा जीव अनेकदा या एका नळीवर टांगलेला असतो.

आणि कधीकधी तीच नळी त्याचा जीव घेते. आपल्या कातडीवर जंतू कायमचे मुक्कामाला असतात. कातडीवर असेपर्यंत ते आपलं काही बिघडवत नाहीत. नळी घातली की त्यांना थेट रक्तात जायला एक वाट मिळते. नळीच्या पृष्ठभागावर ते चिकट थर करून बसतात आणि अँटिबायोटिक्सना सहज दाद देत नाहीत. चार-पाच दिवसांनी पेशंटला थंडी वाजते, ताप चढतो, रक्तदाब उतरायला लागतो. ब्लड कल्चर पाठवलं जातं. बाहेर बाकड्यावर बसलेल्या घरच्यांना कोणीतरी येऊन सांगतं, ‘इन्फेक्शन झालंय.’

या वाक्याची गंमत बघा. ‘झालंय.’ पाऊस पडतो, संध्याकाळ होते, तसं इन्फेक्शन होतं. या वाक्याला कर्ता नाही.

या निबंधाचा प्रश्न त्या गायब कर्त्याबद्दल आहे. कोणाच्या तरी निष्काळजीपणानं एक माणूस मरतो, पण तो कोणाच्या निष्काळजीपणानं मेला हे कोणालाच, अगदी त्या निष्काळजी माणसालाही, कधीच कळत नाही. अशा वेळी ‘दोष’ या शब्दाचं काय करायचं?

२००१ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये पीटर प्रोनोव्होस्ट या अतिदक्षता विभागाच्या डॉक्टरनं एका कागदावर एक यादी लिहिली. सेंट्रल लाइन घालताना करायच्या गोष्टी: हात साबणानं धुवा. पेशंटची कातडी क्लोरहेक्सिडीननं पुसा. पेशंटचं सगळं अंग निर्जंतुक कापडानं झाका. स्वतः टोपी, मास्क, गाऊन आणि हातमोजे घाला. नळी घातल्यावर त्या जागेवर निर्जंतुक ड्रेसिंग लावा. संपली यादी. यात एकही गोष्ट नवी नव्हती. वैद्यकीच्या विद्यार्थ्यालाही हे सगळं पाठ असतं.

मग त्यानं आपल्या आयसीयूतल्या नर्सेसना सांगितलं, महिनाभर फक्त बघा आणि लिहून ठेवा. महिन्यानंतर दिसलं ते असं की तीनातल्या एकाहून जास्त पेशंटच्या बाबतीत यादीतली किमान एक पायरी गाळलेली होती. जगातल्या नावाजलेल्या हॉस्पिटलांपैकी एक, डॉक्टर हुशार, कोणाच्याही मनात खोट नाही. तरी हे.

का गाळत होते? आळशीपणा हे उत्तर सोपं आहे म्हणून लगेच सुचतं. पण खरं कारण त्याहून रटाळ होतं. लागणारं सामान एका जागी नसायचं. गाऊन एका कपाटात, मास्क दुसरीकडे, अंगभर झाकण्याएवढं कापड आणखी कुठे तरी. समोर पेशंटचा रक्तदाब घसरतोय, पलीकडच्या बेडवर मॉनिटर बोंबलतोय, आणि एका कापडासाठी तीन कपाटं उघडायची. यातून ‘या वेळी चालून जाईल’ असा विचार जन्मतो. त्या विभागानं पुढे जे बदल केले, त्यातला एक म्हणजे सगळं सामान मावेल अशी एक ट्रॉली. नीतिशास्त्राच्या पुस्तकात ट्रॉली म्हटलं की पाच माणसं रुळाला बांधलेला तो प्रसिद्ध कूटप्रश्न येतो. या दुसऱ्या ट्रॉलीबद्दल कोणी निबंध लिहीत नाही, आणि मला वाटतं तिनं जास्त माणसं वाचवली असतील.

आता ‘या वेळी चालून जाईल’ या विचाराकडे जरा थांबून बघू, कारण अडचण अशी आहे की तो बहुतेक वेळा खरा असतो. बहुतेक वेळा चालूनच जातं. मास्क न घालता नळी घातली तरी बहुसंख्य पेशंटना काहीही होत नाही. म्हणजे प्रत्येक गाळलेल्या पायरीनंतर अनुभव त्या डॉक्टरला शिकवतो की काही बिघडलं नाही. हातावरच्या चटक्यानं मूल शिकतं. इथे चटका बसतो तो दुसऱ्याच्या हातावर, चार दिवसांनी, आपली ड्यूटी संपून गेल्यावर.

१९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोन तत्त्वज्ञांनी ‘मॉरल लक’, म्हणजे नैतिक नशीब, या विषयावर निबंधांची एक जोडी लिहिली. नेगेलच्या उदाहरणाच्या धर्तीवर विचार करून बघा. दोन ट्रक ड्रायव्हर आहेत. दोघांनीही बरेच दिवस ब्रेक तपासलेले नाहीत. एकाच्या वाटेत अचानक एक मूल येतं, दुसऱ्याच्या येत नाही. दोघांचा हलगर्जीपणा तंतोतंत सारखा. तरी पहिला आयुष्यभर रात्री दचकून उठतो आणि दुसरा घरी जाऊन जेवून झोपतो. आपणही पहिल्याला जास्त दोष देतो. मग आपण नक्की दोष कशाला देतोय, त्याच्या कृतीला की त्याच्या नशिबाला?

आता हेच आयसीयूत आणा. दोन निवासी डॉक्टर, दोघांनीही पेशंटचं अंग पूर्ण झाकलेलं नाही. एकाच्या पेशंटला ताप येतो. पण इथे नेगेलच्या उदाहरणातही नसलेली एक गोष्ट घडते: ज्याचं नशीब फिरलं त्यालाही ते कळत नाही. पेशंट आधीच गंभीर आहे. ताप फुप्फुसातल्या न्यूमोनियामुळे असेल, पोटातल्या जखमेमुळे असेल. नळी सोमवारी एकानं घातली, मंगळवारी दुसऱ्यानं तिच्यातून रक्त काढलं, बुधवारी तिसऱ्यानं औषध सोडताना तिचं तोंड पुसलं नाही. जंतू आत शिरला तो क्षण कोणाच्याच नजरेला पडलेला नाही. म्हणजे इथे रस्त्यावर मूल पडलेलं आहे, पण कोणाच्या ट्रकखाली ते आलं हे सांगता येत नाही, आणि सगळे ड्रायव्हर आपापल्या घरी शांत झोपलेत.

आपली सदसद्विवेकबुद्धी, जिच्यावर आपण एवढा भरवसा टाकतो, ती चेहऱ्यांवर चालते. समोरच्याचे डोळे भरून आले की ती जागी होते. दर हजार कॅथेटर-दिवसांमागे अमुक इन्फेक्शन, या भाषेत तिला काही ऐकू येत नाही. त्याच २००१ सालच्या फेब्रुवारीत त्याच जॉन्स हॉपकिन्समध्ये जोसी किंग नावाची दीड वर्षांची मुलगी गेली. भाजली म्हणून दाखल झालेली, सुधारत असलेली. तिच्या अंगातलं पाणी कमी होत गेलं, देऊ नये तेव्हा एक गुंगी आणणारं औषध दिलं गेलं, आणि तिची आई सांगत असूनही ते वेळेवर कोणी ओळखलं नाही. हॉस्पिटलनं जबाबदारी मान्य केली. तिच्या आईवडिलांनी भरपाईच्या पैशातला काही भाग रुग्णसुरक्षेच्या कामाला दिला. जोसीचं नाव आज जगभरच्या वैद्यकीय परिषदांमध्ये घेतलं जातं. नळीच्या इन्फेक्शननं गेलेल्यांची संख्या तिच्यापुढे प्रचंड आहे आणि त्यातलं एकही नाव आपल्याला ठाऊक नाही. हा काही जोसीच्या वाट्याला आलेला अवाजवी सन्मान नव्हे. एका मुलीसाठी रडता येतं, दशांश चिन्ह असलेल्या दरासाठी रडता येत नाही, एवढंच.

म्हणून मला ती यादी नुसती कामाची सोय वाटत नाही. जिथे विवेकाला दिसत नाही तिथे त्याच्या हातात दिलेली ती काठी आहे.

पण नुसती यादी भिंतीवर चिकटवली असती तर ती तिथेच पिवळी पडली असती. आपल्याकडे सरकारी कचेऱ्यांत ‘येथे थुंकू नये’ची पाटी जशी असते, आणि तिच्याखाली जे असतं, तसं. प्रोनोव्होस्टनं पुढचं पाऊल टाकलं, आणि माझ्या मते या कहाणीतलं सगळ्यात अवघड पाऊल तेच. डॉक्टरनं पायरी गाळली तर नर्सनं त्याला तिथल्या तिथे थांबवायचं, असा अधिकार त्यानं हॉस्पिटलच्या प्रशासनाकडून नर्सेसना मिळवून दिला.

त्यानं स्वतः सांगितल्याप्रमाणे आधी दोन्ही बाजू बिथरल्या. नर्सेस म्हणाल्या, आम्ही बोललो तर आमच्यावरच खेकसतील. डॉक्टर म्हणाले, पेशंटसमोर नर्सनं टोकलं तर आमचा काय मान राहिला? दोघांचंही खरं होतं. हे वाचताना अमेरिका विसरायला वेळ लागत नाही. आपल्या वॉर्डात डॉक्टर म्हणजे ‘सर’ किंवा ‘मॅडम’, आणि नर्स म्हणजे ‘सिस्टर’. हाकेतच उतरंड ठरलेली. पंचवीस वर्षं नोकरी झालेल्या सिस्टरला काल रुजू झालेला निवासी डॉक्टर काय चुकतोय ते दिसत असतं. ती काय करते? कधी बोलते, कधी न बोलता मास्क त्याच्या पुढे धरते, कधी नजर वळवते. त्यातलं काय करायचं हे त्या दिवशी डॉक्टर कोण आहे आणि तिच्या वाट्याला किती बेड आहेत यावर ठरतं.

आपण अशा वेळी धाडसाचं कौतुक करतो. ‘ती सिस्टर खमकी होती म्हणून पेशंट वाचला.’ मला हे कौतुक खटकतं. हात धुतले का एवढं विचारायला रोज शौर्य लागत असेल, तर त्या जागेच्या मांडणीत काहीतरी बिघाड आहे. शौर्य ही दुर्मिळ गोष्ट आहे. रात्रपाळीला, सलग चौथ्या दिवशी, ती अजूनच दुर्मिळ होते. पेशंटची सुरक्षितता तिच्यावर सोडणं म्हणजे पुलाचा कठडा काढून टाकून लोकांना तोल सांभाळायचं शिक्षण देणं.

आणि डॉक्टरांच्या मानाचं? तो आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. ज्याच्या हातात सुई आहे त्याचा आत्मविश्वास डळमळला तर पेशंटलाच धोका. पण टोकणं अपमानासारखं लागतं ते टोकणं क्वचित घडतं म्हणून. एसटीत कंडक्टर एक बेल मारतो, ड्रायव्हर थांबतो. दोन मारतो, गाडी निघते. आजवर कुठल्या ड्रायव्हरला वाटलंय का की हा कोण मला थांबवणारा? बेल माणसाला उद्देशून नसते, गाडीला उद्देशून असते. नर्सच्या हातातली यादी रोजची झाली की तिचीही बेल होते. हॉपकिन्समध्ये तसंच झालं. त्या आयसीयूत नळी घातल्यावर दहा दिवसांत इन्फेक्शन होण्याचं प्रमाण ११ टक्के होतं, ते वर्षभरात शून्यावर आलं. पुढच्या १५ महिन्यांत फक्त दोन इन्फेक्शन झाली. त्यांच्या हिशेबानं आठ मृत्यू टळले.

ते आठ जण कोण? तेही कोणाला सांगता येणार नाही. वाचलेल्यालाही ठाऊक नाही की आपण त्या आठांतले आहोत. तो बरा होऊन घरी गेला आणि त्यानं आभार मानले ते ज्यानं ऑपरेशन केलं त्या सर्जनचे.

मग हे काम मिशिगन राज्यात नेलं गेलं. १०८ आयसीयू सामील झाले. डिसेंबर २००६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये निष्कर्ष छापून आले: दर हजार कॅथेटर-दिवसांमागे इन्फेक्शनचा सरासरी दर ७.७ होता, तो दीड वर्षात १.४ वर आला. सुरुवातीला कित्येक आयसीयूंमध्ये क्लोरहेक्सिडीनच हाताशी नव्हतं. ते मिळवून द्यायला वरच्या साहेबांना वॉर्डात उतरावं लागलं.

आणि २००७ च्या अखेरीस या सगळ्यावर एक अजब संकट आलं. माणसांवरच्या संशोधनावर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकी सरकारी कार्यालयानं सांगितलं की तुम्ही जे केलंत ते संशोधन होतं, त्याला नैतिकता समितीची रीतसर परवानगी हवी होती, आणि पेशंट व डॉक्टरांची संमतीही. माहिती गोळा करणं थांबलं. हात धुतले का हे तपासायला संमतीपत्र! सर्जन आणि लेखक अतुल गवांदे यांनी वर्तमानपत्रात या निर्णयावर सडकून टीका केली. गवांदेंचे आईवडील भारतातून तिकडे गेलेले डॉक्टर, वडील महाराष्ट्रातल्या विदर्भातले. फेब्रुवारी २००८ मध्ये कार्यालयानं माघार घेतली आणि काम चालू ठेवायला हरकत नसल्याचं कळवलं.

हसून सोडून द्यावी अशी ही गोष्ट वाटते. पण ते नियम कुठून आले हे बघायला हवं. अलाबामात टस्कीगी इथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं शेकडो गरीब कृष्णवर्णीयांचा सिफिलिस उपचार न देता नुसता बघत ठेवला होता. ‘आम्ही भल्यासाठीच करतोय’ या शब्दावर विसंबायचं नाही, हा धडा त्या नियमांनी जीव देऊन शिकलेला आहे. आणि मिशिगनमध्ये निरीक्षणाखाली डॉक्टर-नर्सही होते. आपल्यावर कोणी नजर ठेवून नोंदी करत असेल तर आपल्याला विचारावं, ही अपेक्षा हास्यास्पद नाही.

तरी एक गोष्ट मला सलते. यादी वापरण्यासाठी परवानगी हवी होती. यादी न वापरण्यासाठी कधीच नको होती. तीनातल्या एका पेशंटच्या बाबतीत पायरी गाळली जात होती, तेव्हा कुठल्याही समितीनं कुणाची संमती आहे का असं विचारलं नव्हतं. जे चालू आहे ते निरपराध, आणि जो बदल करायला जातो त्यानं आपलं निरपराधित्व सिद्ध करायचं. हा न्याय आपल्याला घरातही माहीत असतो. जुनी रीत का पाळता याचं कारण कोणी विचारत नाही, ती मोडणाऱ्या सुनेला मात्र शंभर प्रश्न.

यानंतरचा भाग मला कमी आवडतो, पण तो वगळला तर गोष्ट खोटी होईल. ऑक्टोबर २००८ पासून अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी योजनेनं हॉस्पिटलमध्येच झालेल्या अशा इन्फेक्शनच्या उपचाराचे जादा पैसे देणं बंद केलं. वरवर पाहता हे रास्त आहे. तुमच्याकडून झालं, तुम्हीच सोसा. पण ज्या क्षणी ‘शून्य’ ही पैशाची गोष्ट होते, त्या क्षणी इन्फेक्शन टाळण्याबरोबर आणखी एक रस्ता उघडतो: ते सापडू न देणं. ब्लड कल्चर पाठवलंच नाही, तर नोंद होत नाही. तापाचं कारण फुप्फुस म्हणून लिहिलं, तर नळी सुटली. इंग्लंडमध्ये मिशिगनच्या धर्तीवर मोहीम निघाली, तेव्हा मेरी डिक्सन-वूड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयसीयूंमध्ये प्रत्यक्ष बसून बघितलं की हे आकडे तयार कसे होतात. त्यांना ठरवून केलेली लबाडी फारशी आढळली नाही. आढळलं ते हे की प्रत्येक ठिकाणी मोजण्याची पद्धतच वेगळी होती: कोण कल्चर कधी पाठवतं, कोण नोंद करतं, कशाला इन्फेक्शन म्हणायचं. जो कसून शोधतो त्याचा आकडा वाईट दिसतो. आणि त्या मोहिमेत आणखी एक गोष्ट पुढे आली. ज्या आयसीयूंनी अजून काम सुरू केलं नव्हतं, तिथेही इन्फेक्शन कमी होत होती. म्हणजे श्रेय नेमकं यादीचं किती आणि बदलत्या वाऱ्याचं किती, हे सांगणं अवघड. न झालेल्या तापाचा हिशेब ठेवणं तापाच्या हिशेबाहून कठीण असतं.

भारतातही दिल्लीच्या एम्सच्या पुढाकारानं आणि आयसीएमआरच्या साथीनं अनेक हॉस्पिटलांचं एक जाळं हे मोजायचं काम करतं. हे शहाणपणाचं काम आहे आणि त्याला टाळ्या पडत नाहीत. म्हणून एखाद्या हॉस्पिटलनं ‘आमच्याकडे असं इन्फेक्शन होतच नाही’ असं सांगितलं, तर मी आधी विचारीन, तुम्ही मोजता का?

आपल्याकडे पैशाचं गणित मात्र मेडिकेअरच्या उलटं चालतं. इन्फेक्शन झालं की आयसीयूतले दिवस वाढतात, महागडी अँटिबायोटिक्स सुरू होतात, आणि खाजगी हॉस्पिटल असेल तर त्यांचं बिल घरच्यांच्या हातात येतं. विमा संपलेला असतो. कोणी दागिने मोडतं, कोणी गावाकडची जमीन. ज्याला इजा झाली तोच इजेचे पैसे भरतो, आणि भरताना हात जोडून म्हणतो, ‘डॉक्टर, काहीही करा पण वाचवा.’ त्या बिलात कर्ता नसलेल्या वाक्याची किंमत छापलेली असते. मला यात एकट्या डॉक्टरचा दोष दिसत नाही, पण हे न्याय्य आहे असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

‘आजारच मोठा होता,’ आपण म्हणतो. ‘आता सगळं देवाच्या हातात.’ असं म्हणण्यात मोठा आधार असतो आणि तो कोणाचा काढून घ्यावा असं मला वाटत नाही. पण मिशिगननंतर या वाक्याची हद्द सरकली आहे. एखादी गोष्ट टाळता येते असं एकदा सिद्ध झालं की ती नशिबाच्या खात्यातून माणसांच्या खात्यात येते. २००० साली नळीचं इन्फेक्शन झालं तर ती उपचारांची किंमत मानली जायची. आज तेच झालं तर कोणीतरी उत्तर द्यायचं असतं. जंतू तोच, नळी तीच, ताप तोच. बदललं ते आपलं ज्ञान, आणि त्याबरोबर आपली जबाबदारी वाढली. जास्त कळणं ही नेहमीच आनंदाची गोष्ट असते असं नाही.

मिशिगनच्या कामात आणखी एक पायरी होती, आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. रोज सकाळी राउंडला प्रत्येक पेशंटपाशी विचारायचं: ही नळी आज लागते का? नळी जितके दिवस आत, तितका धोका जास्त. गरज संपल्यावरही ती बरेचदा तशीच राहते. तीतून रक्त काढणं सोयीचं असतं, उद्या लागली तर असावी असं वाटतं, काढायची ऑर्डर कोणी लिहिलेली नसते. ती घालण्याचा निर्णय कोणीतरी घेतलेला असतो. ती ठेवण्याचा निर्णय कोणीच घेतलेला नसतो, तो आपोआप रोज होत राहतो.

हा प्रश्न विचारायला वैद्यकीचं शिक्षण लागत नाही. भेटीच्या वेळेत पाच मिनिटं आत सोडलेल्या मुलीलाही तो विचारता येईल: ‘डॉक्टर, बाबांच्या मानेतली नळी अजून किती दिवस लागेल?’ कोणी नीट समजावून सांगेल. कोणी ‘ते आम्ही बघतो’ म्हणून पुढच्या बेडकडे वळेल. आणि एखादा निवासी डॉक्टर क्षणभर थांबेल, फाईल उघडेल आणि सिस्टरला विचारेल की यातून शेवटचं औषध कधी गेलं होतं.